मॉलची रचना आणि फेंगशुई

फेंगशुई म्हणजे शब्दशः वारा आणि पाणी. या चिनी परंपरेनुसार 'ची' नावाची ऊर्जा वास्तूत सावकाश फिरावी, सरळ वाटेने निसटू नये. आपल्या वास्तुशास्त्रात दिशांना महत्त्व आहे: पाणी ईशान्येला, अग्नी आग्नेयेला.

मॉलची रचना मात्र ग्राहकाच्या पावलांवर बेतलेली असते. व्हिक्टर ग्रूएन यांनी आखलेला साउथडेल हा बंदिस्त मॉल अमेरिकेत 1956 मध्ये सुरू झाला. मोठी दुकाने दोन टोकांना, मधल्या वाटेवर छोटी दुकाने. अनेक मॉलमध्ये खिडक्या कमी, खाद्यदालन वरच्या मजल्यावर; चढता आणि उतरता सरकता जिना मुद्दाम एकमेकांपासून लांब, म्हणजे वळसा पडतोच.

याउलट, सातपुड्याच्या पायथ्याजवळच्या संग्रामपूर तालुक्यातल्या तरुणाला ओळखीचा असतो तो आठवडी बाजार. तिथे भाजीची पाले एका ओळीत, कापडवाले दुसरीकडे. ऊन कलले की वेळ कळते. मॉलमध्ये वेळ घड्याळातच पाहावी लागते. यादी आणि बजेट आधी ठरवले, तर दोन्हीकडे खिसा सांभाळता येतो.

फेंगशुईने विक्री वाढते, याला शास्त्रीय पुरावा नाही. वाट, उजेड आणि मांडणी यांचा परिणाम मात्र दिसतो.