बुन्युएल, वसई आणि एक रविवार

सकाळी साडेसहा

आज संध्याकाळी साडेपाचला आमच्या फिल्म सोसायटीत लुईस बुन्युएलचा ‘द मिल्की वे’ आहे. १९६९ सालचा फ्रेंच चित्रपट. पिएर आणि जाँ हे दोन भणंग फ्रान्समधल्या हमरस्त्यावरून स्पेनच्या सांतियागो दे कॉम्पोस्तेलाकडे निघाले आहेत. तिथे संत याकोबाची समाधी आहे, अशी शतकानुशतकांची श्रद्धा. रस्त्यावर आजच्या मोटारी धावतात, पण वाटेत भेटणारी माणसं कधी चौथ्या शतकातली असतात, कधी सतराव्या, तर कधी खुद्द येशू आणि त्याचे शिष्य. एक प्रसंग संपतो, दुसरा सुरू होतो आणि त्यांना जोडणारं एकच सूत्र असतं ते म्हणजे चालणं. जवळजवळ प्रत्येक प्रसंगात चर्चने कधीकाळी पाखंड ठरवलेलं एखादं मत आणि त्यावरचा वाद.

असा चित्रपट वसईत दाखवण्याला वेगळा अर्थ आहे. इथे मराठीतून मिस्सा ऐकणारा, मराठीतून प्रार्थना करणारा कॅथलिक समाज पिढ्यान्‌पिढ्या राहतो. या चित्रपटातली भांडणं ज्यांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात शिरलेली आहेत, असे प्रेक्षक महाराष्ट्रात फार ठिकाणी एकत्र सापडत नाहीत. आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर ज्यांना त्रैक्य म्हणजे काय हे ठाऊक नाही, असेही लोक बसणार. आजच्या कामाची खरी गोडी त्या शेजारात आहे.

सकाळी आठ

निम्मं गाव मिस्सेला गेलेलं असताना मी माहितीपत्रक लिहायला बसतो. एका कागदाच्या दोन बाजू, मराठीतून. सबटायटल्स इंग्रजी आहेत आणि ती भराभर जातात. त्यात कुणी लॅटिनमध्ये मंत्र म्हणू लागलं, कुणी तलवार उपसून ईश्वरी कृपेवर वाद घालू लागलं, तर नवखा माणूस पाच मिनिटांत हात टेकतो.

म्हणून पत्रकात आधी बुन्युएलने हाताळलेली सहा कोडी घालतो: ख्रिस्तप्रसादातली भाकर खरोखर ख्रिस्ताचं शरीर होते का, येशू माणूस की देव की दोन्ही, एकाच देवातल्या पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचं त्रैक्य, दुष्टाव्याचा उगम, ईश्वरी कृपा आणि माणसाचं स्वातंत्र्य, आणि मरियेचं कौमार्य. मग चित्रपटात भेटणाऱ्यांचा थोडा इतिहास. प्रिसिलियन हा आव्हिलाचा बिशप. त्याला इ.स. ३८५मध्ये त्रिअर इथे मृत्युदंड झाला. पाखंडाच्या आरोपापायी ख्रिस्ती राजसत्तेने मारलेला तो पहिला ख्रिस्ती मानला जातो. जान्सेनवादी म्हणजे कोर्नेलिअस जान्सेनच्या १६४०मध्ये छापलेल्या ग्रंथामागे गेलेले लोक. माणसाचं तारण सर्वस्वी ईश्वरी कृपेवर अवलंबून आहे, हे त्यांचं म्हणणं आणि जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाशी त्यांचं हाडवैर. बुन्युएल स्वतः झारागोझातल्या जेझुइटांच्या शाळेत शिकलेला, हेही लिहितो.

चित्रपटाला काय म्हणायचंय, हे मात्र मी लिहीत नाही. माहिती द्यायची आणि अर्थ द्यायचा नाही, ही या कामातली सीमारेषा मी कसोशीने पाळतो. पत्रकात एकदा अर्थ छापला की संध्याकाळी चर्चेत तोच अर्थ वेगवेगळ्या आवाजांत परत येतो आणि लोकांनी स्वतः पाहिलेलं गळ्यातच अडकून राहतं.

सकाळी साडेदहा

फोन सुरू होतात. एक जुन्या सभासद काकू विचारतात, “श्रद्धेची टिंगल आहे का रे यात? मी सुनेला घेऊन येणार आहे.” मी त्यांना काय आहे ते सरळ सांगतो: येशू दाढी करायला निघतो आणि मरिया म्हणते, राहू दे, तुला दाढी शोभते. एका तरुणाच्या कल्पनेत पोपला गोळ्या घातल्या जातात. एका मठात एक नन स्वतःला क्रुसावर खिळवून घेते. शेवटी पाटी येते, की चित्रपटात धर्माविषयी आणि पाखंडांविषयी जे जे आहे ते धर्मग्रंथांतून आणि धर्मशास्त्राच्या पुस्तकांतून घेतलेलं आहे. काकू थोडा वेळ गप्प राहतात आणि म्हणतात, “मग येते.”

काय दिसणार हे आधी सांगितल्याने चित्रपटाची मजा जाते, असं काहींना वाटतं. या चित्रपटाबाबत तसं होत नाही, कारण पुढे काय घडेल ही उत्सुकता त्याचा आधारच नाही. उलट ज्याला धक्का बसू शकतो, त्याला आधी कळवणं हे आयोजकाचं कर्तव्य आहे. प्रेक्षकाने डोळे उघडे ठेवून यावं.

दुपारी दीड

जेवण उरकून प्रत तपासायला बसतो. दाखवण्याची परवानगी हातात आहे, आता फाईल सुरुवातीपासून शेवटपर्यंत पळवून पाहायची. रंग, आवाजाची पातळी, सबटायटल्स तोंडाच्या हालचालीबरोबर येतात का. या चित्रपटात आवाज विशेष जपावा लागतो. शाळेच्या समारंभात छोट्या मुली एकामागून एक पाखंडांचा धिक्कार पाठ म्हणून दाखवतात आणि श्रोत्यांत बसलेला जाँ मनात पोपचा वध रंगवतो. बंदुकांचा बार होतो तेव्हा शेजारी बसलेला माणूस दचकून विचारतो, की जवळपास नेमबाजीचं मैदान आहे का. जाँ सांगतो, नाही, मी पोपला गोळ्या घातल्याची कल्पना करत होतो. एकाच्या मनातला बार दुसऱ्याच्या कानावर पडतो, ही या प्रसंगाची सगळी करामत आहे. बार हॉलच्या शेवटच्या रांगेतही दणकून ऐकू आला पाहिजे.

दुपारी साडेतीन

वाचनालयाच्या वरचा हॉल. पश्चिमेच्या खिडक्यांवर काळं कापड लावायचं, प्रोजेक्टर टेबलावर नीट बसवायचा, स्पीकरच्या वायरींवर पट्टी चिकटवायची. खुर्च्या मांडताना दोन्ही कडांना जाण्यायेण्याची वाट ठेवतो. ज्याला उठून जायचंय, त्याला कुणाचे गुडघे न ओलांडता जाता आलं पाहिजे. उठून जाणं हीसुद्धा प्रतिक्रिया आहे आणि ती अवघड करून ठेवणं मला पटत नाही.

काम करताना बुन्युएलचे स्वतःचे प्रेक्षक आठवत राहतात. १९२९मध्ये पॅरिसला ‘अॅन अँडालुशियन डॉग’चा पहिला खेळ झाला तेव्हा तो पडद्यामागे ग्रामोफोनवर तबकड्या लावत उभा होता, आणि लोक अंगावर आले तर फेकायला खिशात दगड भरून आला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्याच वर्षी ‘लाज दोर’च्या वेळी उलट झालं: उजव्या गटांच्या लोकांनी स्टुडिओ २८ या थिएटरात घुसून पडद्यावर शाई फेकली, लॉबीत टांगलेली चित्रं फाडली आणि काही दिवसांत पोलिसांनी चित्रपटावर बंदी घातली. १९६१च्या ‘विरिदियाना’ला कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला, व्हॅटिकनच्या मुखपत्राने त्याचा निषेध केला आणि स्पेनमध्ये तो १९७७पर्यंत दाखवता आला नाही. प्रेक्षक काय करतील, याचा अंदाज या माणसाला आयुष्यभर आला नाही आणि त्याने तो बांधायचा प्रयत्नही सोडून दिला.

संध्याकाळी साडेपाच

रेल्वेच्या रविवारच्या ब्लॉकमुळे विरारकडून येणाऱ्या काहींना उशीर होणार, म्हणून दहा मिनिटं थांबतो. तेवढ्यात पत्रकं वाटून होतात. प्रास्ताविक दोन मिनिटांचं. लेखनात बुन्युएलचा जोडीदार ज्याँ-क्लोद कारिएर होता, हे सांगतो. गोष्ट शोधू नका, एकेक प्रसंग स्वतंत्रपणे पाहा, एवढी एकच सूचना देतो. दिवे बंद.

आता माझं काम पडद्याकडे पाठ करून बसायचं. मी प्रेक्षक पाहतो. पहिल्या प्रसंगातच झगा घातलेला एक माणूस ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला भीक देतो आणि ज्याच्याकडे नाहीत त्याला काहीच देत नाही. मागच्या रांगेतले तरुण गोंधळतात, पण डावीकडचे काही वयस्क चेहरे लगेच खुलतात. त्यांना मत्तयच्या शुभवर्तमानातलं वचन ओळखू आलेलं असतं. थोड्या वेळाने उलटं होतं. आलिशान उपाहारगृहाचा व्यवस्थापक वेटरांशी येशूच्या देवत्वावर गंभीर चर्चा करतो आणि दारात आलेल्या दोघा भुकेल्यांना मात्र हाकलून देतो. इथे तरुण खळखळून हसतात आणि वयस्क गप्प होतात. जान्सेनवादी आणि जेझुइट तलवारी खणखणवत वाद घालतात तेव्हा सगळा हॉल एकत्र हसतो. ननच्या प्रसंगात एक बाई उठून बाहेर जातात. दहा मिनिटांनी परत येऊन दाराजवळ उभ्या राहून पुढचं पाहतात.

संध्याकाळी सव्वासात

शेवटी येशू दोन आंधळ्यांना दृष्टी देतो. मग सगळे चालू लागतात, वाटेत एक चर येतो, आणि त्या दोघा आंधळ्यांतला एक काठीने चाचपत तिथेच अडतो. पाटी येते, दिवे लागतात. टाळ्या विस्कळीत. पहिला आवाज एका मुलाचा: “संपला?”

चहा फिरतो. या पाच मिनिटांत मी कुणाशीही चित्रपटाविषयी बोलत नाही. आयोजकाने चहाच्या कपाबरोबर मत दिलं, तर चर्चा सुरू होण्याआधीच संपते.

साडेसात ते नऊ

चर्चेतला माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुठला प्रसंग डोळ्यांसमोर राहिला? “समजला का?” हे मी विचारत नाही. त्या प्रश्नाने माणूस परीक्षेला बसल्यासारखा आखडतो. काय राहिलं, याचं उत्तर मात्र प्रत्येकाकडे असतं.

एक सिस्टर बोलायला उठतात. त्यांच्या डोळ्यांसमोर हसणारा, घाईने पळणारा येशू राहिला. “आमच्या चित्रांत तो कायम सावकाश चालतो. इथे तो कुणाच्या तरी घरातला मुलगा वाटला.” लगेच एक निवृत्त शिक्षक हरकत घेतात. त्यांच्या मते हा चित्रपट चर्चच्या अंगावर धावून जाणारा आहे आणि हसरा येशू हे त्यातलं गोड आमिष आहे. एका महाविद्यालयीन मुलीला दोन्ही पटत नाही. तिला तर इतकं धर्मशास्त्र ऐकून हा चित्रपट चर्चनेच काढलाय असं वाटलं.

इथे मी मध्ये पडतो, कारण हा वाद जुना आहे. बुन्युएलने आत्मकथनात नोंदवलंय, की कार्लोस फ्युएन्तेसला हा चित्रपट धर्माविरुद्धचं युद्ध वाटला, तर हुलिओ कोर्तासारला वाटलं, की पैसे व्हॅटिकननेच दिले असावेत. लॅटिन अमेरिकेतले दोन मोठे कादंबरीकार, चित्रपट एकच. स्वतः बुन्युएलचं म्हणणं होतं, की हा कशाच्या बाजूने नाही आणि विरुद्धही नाही. ही धर्मवेडातून केलेली यात्रा आहे, जिथे प्रत्येकजण सत्याचा आपला तुकडा घट्ट धरून बसलाय आणि त्यासाठी मरायला-मारायला तयार आहे. या वाटेवर एखादी राजकीय विचारसरणीही चालू शकते, कलेविषयीची मतंसुद्धा.

मग एक गृहस्थ बोलतात, जे आळंदीहून पंढरपूरला चालत गेलेले आहेत. “या दोघांच्या तोंडी मुक्कामाचं नाव क्वचितच येतं. पुढचं जेवण कुठे, हीच विवंचना. आजूबाजूला देवावर एवढी चर्चा चाललीय, आणि यांना भाकरी कुणी आपणहून देत नाही. वारीत आम्हाला गावोगाव जेवायला बोलावतात. मला या सिनेमातला रस्ता फार कोरडा वाटला.” हॉलमध्ये हे सगळ्यांना लागतं. शिक्षक मान डोलावतात, सिस्टरही. ख्रिस्तशास्त्राचा गंध नसलेल्या माणसाने चित्रपटाच्या मध्यभागी बोट ठेवलं.

मागून एक मुलगा स्पष्ट सांगतो, “मला कंटाळा आला. एकाही पात्राशी जोडला गेलो नाही.” काहीजण त्याला समजवायला सरसावतात. मी थांबवतो आणि विचारतो, कंटाळा कुठून सुरू झाला? तो विचार करून सांगतो, “स्पेनमध्ये पोचल्यावर. तोपर्यंत पुढे काय विचित्र दिसेल याची उत्सुकता होती. नंतर कळलं, की असंच चालणार.” ही नेमकी टीका आहे. तुकड्या-तुकड्यांच्या प्रवासपटात प्रत्येक नव्या भेटीला आधीच्या भेटीचा आधार मिळत नाही, दर वेळी कोरी सुरुवात करावी लागते. काहींना त्यातच मोकळीक मिळते, काही दमतात. दोघांचंही खरं आहे.

शेवटी मी कोपनहेगनचा किस्सा सांगतो, तोही बुन्युएलनेच लिहिलाय. तिथे हा चित्रपट लागला तेव्हा ना डॅनिश, ना फ्रेंच जाणणारा जिप्सींचा एक तांडा बायकापोरांसह रोज तिकीट काढून येई. थिएटरच्या मालकाला कारण कळेना आणि विचारायला भाषा येईना. अखेर त्याने त्यांना फुकट आत सोडायचं ठरवलं. त्यानंतर ते पुन्हा आले नाहीत. हॉल हसतो. दाराजवळ उभ्या राहिलेल्या बाई म्हणतात, “त्यांना काय दिसलं असेल, ते कुणीतरी विचारायला हवं होतं.”

रात्री साडेदहा

खुर्च्या रचल्या, काळं कापड घडी करून ठेवलं, हॉलची किल्ली परत दिली. घरी येऊन वहीत आजची प्रत्येक प्रतिक्रिया लिहून काढतो, जमेल तितक्या बोलणाऱ्याच्याच शब्दांत. सरासरी काढत नाही, “चित्रपट लोकांना आवडला” असं वाक्य लिहीत नाही. सिस्टरांचा येशू, शिक्षकांचा राग, वारकऱ्याची भाकरी, मुलाचा कंटाळा, हे सगळं एकाखाली एक. अशा चित्रपटाची समीक्षा एका माणसाला एकट्याने पूर्ण करता येत नाही, हे माझं ठाम मत आहे. ज्याचं कथानकच एकसंध नाही, त्याच्याविषयीचं मत एकसंध असण्याची सक्ती कशाला?

तुमच्या गावात फिल्म सोसायटी असेल तर तिच्या खेळाला जा, नसेल तर चारजण मिळून सुरू करा. आणि असा एखादा विचित्र, तुटक, रस्त्यावरचा चित्रपट पाहून झाला, की लगेच उठू नका. समजला नसला तरी काय दिसलं ते मोठ्याने सांगा, आणि तुमच्या अगदी उलट ज्याला दिसलं त्याचं शेवटपर्यंत ऐका.