निळ्या दिव्याचें कोडें

तांबडा, हिरवा व निळा या तीन प्रकाशांच्या मेळांतून बाकीचे रंग साधतात. पण त्यांत निळा मोठा हट्टी. गॅलियम नायट्राइडनें तो उजळणाऱ्या आकासाकी, आमानो व नाकामुरा यांस २०१४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच वर्षीं केंब्रिजच्या संशोधकांनीं पेरोव्हस्काइट नांवाच्या स्फटिकांचे दिवे साध्या तपमानांत प्रकाशित केले. हे स्फटिक द्रावणापासून होतात, म्हणून स्वस्ताईची आशा आहे. २०१८ सालीं त्यांच्या तांबड्या व हिरव्या दिव्यांची कार्यक्षमता २० टक्क्यांपलीकडे गेली. निळा मात्र मागें राहिला.

असें कां व्हावें? शिसें व ब्रोमीन यांच्या स्फटिकाचा प्रकाश हिरवा असतो. तो निळा होण्यास कांहीं ब्रोमीनच्या जागीं क्लोरीन बसवावा लागतो. या बदलांत जागा रिकाम्या राहतात. तेथें विद्युत्कण अडकून त्यांची शक्ति उष्णतेंत जाते. शिवाय प्रवाह चालू असतां त्याच वाटांनीं क्लोरीन व ब्रोमीन सरकून वेगळे होतात आणि निळा दिवा हिरवट होऊं लागतो.

उपाय आहे तो चिमूटभर रसायनाचा. फॉस्फिन ऑक्साइडसारखें संयुग द्रावणांत मिसळलें, कीं त्यांतील ऑक्सिजन उघड्या पडलेल्या शिशाशीं जोडला जातो व त्या जागेचा उपद्रव थांबतो. फेनिलएथिल अमोनियम स्फटिकांचे पातळ थर पाडतें. थर जितका पातळ, तितका प्रकाश निळ्याकडे झुकतो. परंतु तें विजेचें दुर्वाहक. मात्रा वाढली, कीं प्रवाहच अडतो. औषधाप्रमाणें येथेंही प्रमाणासच महत्त्व आहे. तरीही या दिव्याचें आयुष्य अद्याप तोकडें आहे. घरांत येण्यापूर्वीं त्यानें रंग न बदलतां दीर्घकाळ तेवलें पाहिजे.