दांडा, दट्ट्या आणि दळण

घरी एस्प्रेसो करायची तर कोणतं मशीन घ्यावं, यावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं. त्यांना बहुधा मॉडेलं आणि किमतींचा तक्ता हवा असावा. असे तक्ते सहा महिन्यांत शिळे होतात. म्हणून मी एकाच मशीनला धरून बसायचं ठरवलं. ते १९६१ सालचं आहे, आणि आजही जवळपास त्याच रूपात विकत मिळतं. ला पाव्होनी या मिलानच्या कंपनीचं एउरोपिक्कोला. एक उभा बॉयलर, त्याच्या पुढ्यात सिलिंडर आणि सिलिंडरवर एक लांब दांडा. पंप नाही, पडदा नाही, आकडे दाखवणारं काही नाही. १९७३च्या ‘लिव्ह अँड लेट डाय’ या चित्रपटात जेम्स बाँड भल्या पहाटे घरी आलेल्या आपल्या वरिष्ठांना याच मशीनवर कॉफी करून देतो.

आपल्याकडे बहुतेकांनी ‘एस्प्रेसो’ पहिल्यांदा प्यायली ती लग्नाच्या रिसेप्शनला. पितळी-स्टीलचं मोठं यंत्र, फुसफुसणारी नळी, पेल्यात साखर आणि इन्स्टंट पूड, वर फेसाळ दूध आणि चिमूटभर कोको. त्यात वाफ दुधात जाते. दाबाखालचं पाणी कॉफीतून जातच नाही. ती कॉफी मला आजही आवडते. पण इटलीत या नावाखाली जे घडलं ते वेगळं आहे.

तिथला इतिहास थोडक्यात असा. १८८४ साली तोरिनोच्या आंजेलो मोरिओंदो यांनी वाफेवर चालणाऱ्या कॉफीयंत्राचं पेटंट घेतलं. १९०१मध्ये मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी ग्राहकागणिक ताजा कप देणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं, आणि देसिदेरिओ पाव्होनी यांनी ते विकत घेऊन यंत्रं बाजारात आणली. पण वाफेचा दाब जेमतेम दीड बार, आणि तो वाढवायचा तर पाणी आणखी तापतं, कॉफी करपते. ही कोंडी आकिल्ले गाज्जिया यांनी फोडली. १९४८मध्ये बाजारात आलेल्या त्यांच्या यंत्रात दांडा ओढला की स्प्रिंग दाबली जाई, आणि ती सुटताना दट्ट्याला खाली ढकली. दाब आणि उष्णता यांची फारकत झाली. कपावर प्रथमच तांबूस साय दिसली. त्या सायीला इटालियन लोक क्रेमा म्हणतात: दाबाखाली पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड कपात येताच सुटतो आणि कॉफीतल्या तेलांसकट बारीक फेस धरतो. पुढे १९६१मध्येच फाएमा कंपनीच्या ई-६१ने हे काम विजेच्या पंपाकडे दिलं, आणि कॅफेमधून दांडे हळूहळू मागे पडले. घरात मात्र एउरोपिक्कोला टिकलं.

यात स्प्रिंगही नाही. दट्ट्या ढकलायचा तो आपल्याच हाताने, आणि मला या यंत्राची ओढ लागली ती इथेच. दांडा वर उचलला की दट्ट्या वर सरकतो आणि पाण्याची वाट उघडते. बॉयलरमधली वाफ, दाब एक बारपेक्षाही कमी, गरम पाणी आत लोटते. काही सेकंद थांबायचं. पूड भिजते, फुगते, तिच्यातल्या फटी बुजतात. मग दांडा खाली दाबायचा. वाट बंद होते, आणि दट्ट्या व कॉफी यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्याला पुडीतून जाण्याखेरीज मार्ग उरत नाही.

हिशेब करून पाहा. आजच्या एउरोपिक्कोलात पूड भरायच्या चाळणीचा व्यास ५१ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे २० चौरस सेंटीमीटर. एस्प्रेसोला लागतो तो सुमारे नऊ बार दाब, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला नऊ किलोंहून थोडं जास्त. पुडीच्या त्या चकतीवर मिळून १८० किलोंच्या आसपास भार येतो. तरफेच्या लांबीमुळे हाताला त्याचा लहानसा अंश पेलावा लागतो, पण तो अंश आपल्याशी बोलतो. पूड जाड असेल तर दांडा विरोध न करता खाली जातो आणि कपात पाणचट, आंबट काहीतरी पडतं. फार बारीक असेल तर दांडा हलतच नाही. नीट असेल तर मनगटाला घट्ट, एकसंध अडथळा जाणवतो, चार-सहा सेकंदांनी पहिला थेंब येतो आणि मग मधासारखी बारीक धार लागते. पंपाच्या मशीनमध्ये हे सगळं आत घडतं. इथे ते दंडात कळतं.

म्हणूनच हे मशीन ज्यांना समजलं ते मशीनबद्दल कमी आणि दळणाबद्दल जास्त बोलतात. एस्प्रेसोचं इटालियन परिमाण ठरलेलं आहे: सात ग्रॅम पूड, सुमारे नऊ बार, पंचवीस सेकंद, पंचवीस मिलिलिटर. हल्ली घरोघरी १८ ग्रॅम पुडीतून ३६ ग्रॅम पेय काढायची पद्धत आहे, पण वेळ साधारण तेवढाच. या पंचवीस सेकंदांवर ताबा कशाचा? मुख्यतः पुडीच्या बारीकपणाचा. घरच्या मिक्सरचं पातं बी फोडतं, दळत नाही. भांड्यात भुकटी आणि खडे एकत्र राहतात. भुकटीतून कडूपणा उतरतो, खड्यांतून आंबटपणा, आणि दोन्ही एकाच कपात. दोन दातेरी चकत्यांमधून बी जाणारा ग्राइंडर हवा, आणि त्याची खूण अगदी बारीक बारीक अंतरांनी सरकायला हवी. माझं ठाम मत आहे की ठरवलेल्या रकमेतला निदान अर्धा भाग ग्राइंडरवर जावा. पैसे कमी असतील तर चांगला हाताचा ग्राइंडर आणि बॉयलर नसलेलं दांड्याचं साधं यंत्र घ्यावं. पाणी किटलीत तापवून त्यात ओतायचं. महागडं मशीन आणि मिक्सरमधली पूड या जोडीला काहीच साधत नाही.

दुकानात खोक्यावर ‘१५ बार’ असं ठळक छापलेलं असतं. ती पंपाची कमाल ताकद. कॉफीला त्याची गरज नाही. स्वस्त मशीनमधली चाळणी बहुधा दुपदरी असते आणि खालच्या पदराला एकच सुईएवढं भोक असतं. पूड कशीही असो, त्या भोकातून पेय फवाऱ्यासारखं निघतं आणि फेस येतो. तो फेस भोकाचा. अशी चाळणी शिकू देत नाही, कारण तिथे चूक दिसतच नाही. साधी, एकपदरी चाळणी बसते का, हे घेण्याआधी विचारावं. आणि ज्यांना ही यातायात नको त्यांनी मोका पॉट घ्यावा. १९३३ सालापासूनचं ते भांडं दीड-दोन बारवर दाट, कडक कॉफी देतं, आणि दुधात ती छान लागते.

आता अडचणी, आणि त्या पुष्कळ आहेत.

पूड चाळणीत भरताना गुठळी राहिली किंवा एका बाजूला कमी दाबली गेली की पाणी तिथून पाट फोडतं. बाकीची पूड नुसती ओली होते. बारीक तारेने पूड मोकळी करून, सपाट करून, सरळ दाबायची. हे रोज, झोपेतून उठल्या उठल्या. शिवाय कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात बिया दमट हवा ओढून घेतात, आणि मे महिन्यात जुळलेलं दळण जूनमध्ये जुळत नाही. बिया भाजल्यापासून आठवडाभर थांबून पुढच्या महिनाभरात संपवाव्यात; पाकिटावर भाजल्याची तारीख नसेल तर ते घेऊ नये. चिकोरी मिसळलेली फिल्टर कॉफीची पूड इथे चालत नाही. चिकमंगळूर-कूर्गच्या बिया मात्र उत्तम चालतात. इटली हा भारतीय कॉफीचा मोठा गिऱ्हाईक आहे, आणि आपला रोबस्टा तिथल्या मिश्रणांत दाट क्रेमासाठी जातो. पश्चिम किनाऱ्यावर मोसमी वाऱ्यात फुगवलेली मॉन्सून्ड मलबारही तिथे जाते.

पाण्याचं दुखणं वेगळं. बोअरवेलच्या जड पाण्याने बॉयलरच्या आत चुन्याचा थर बसतो, नळ्या अरुंद होतात. आरओचं पाणी थर बसू देत नाही, पण त्यात क्षारच कमी, त्यामुळे कॉफी सपक लागते. शिवाय काही मशीनमधला पाण्याची पातळी ओळखणारा सेन्सर क्षारांवरच चालतो. एउरोपिक्कोलाला पातळी दाखवणारी काचेची नळी आहे, तेवढी चिंता नाही. दोन्ही पाणी मिसळून वापरणं हा घरगुती तोडगा, आणि अधूनमधून लिंबूसत्त्वाच्या पाण्याने सफाई.

धोकाही आहे. पूड फार बारीक झाली आणि दांडा अडला तर आत दाब कोंडलेला असतो. अशा वेळी घाईने चाळणीची मूठ काढली तर उकळता चोथा अंगावर उडतो. थांबायचं, दाब उतरू द्यायचा. बॉयलरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. बॉयलर उघडा धातूचा आहे. लहान मुलं असलेल्या घरात हे मशीन ओट्याच्या कडेला ठेवू नये.

सगळ्यात मोठी उणीव रचनेतच आहे. सिलिंडर थेट बॉयलरला जोडलेला असल्याने तो तापतच जातो. पहिला कप सुरेख, दुसरा बरा, तिसऱ्याला करपट वास. ओलं फडकं गुंडाळणं, चाळणीची मूठ थंड पाण्यात बुडवणं, मध्येच बटण बंद करणं, असे उपाय लोक साठ वर्षं करत आले आहेत. दर दांड्याला तीसेक मिलिलिटरच मिळतात ते निराळंच. एका-दोघांच्या घरात हे निभतं. अचानक चार पाहुणे आले तर निभत नाही. सर्वांना एकदम कप देता येत नाही आणि शेवटच्याच्या वाट्याला वाईट कॉफी येते. ज्यांच्या घरी माणसांची ये-जा आहे त्यांनी पंपाचं, सिलिंडरचं तापमान राखणारं मशीन घ्यावं, किंवा दांड्याच्या मशीनशेजारी मोका पॉट तयार ठेवावा.