मुठीतून सुटलेलं पातं

जुना वस्तरा दुरुस्तीला घेतला की मुठीचा खिळा ठोकून काढावा लागतो. शेफील्ड किंवा झोलिंगेनचा शिक्का असलेलं पातं मग सुटं होतं आणि कामाच्या टेबलावर, नाहीतर खणात आठवडेच्या आठवडे पडून राहतं. "बोथट तर आहे, त्यानं काय होतंय?" हा त्यामागचा सर्वांत घातक समज. मिटत्या वस्तऱ्याला वेगळं म्यान नसतं, मूठच म्यानाचं काम करते. खिळा निघाला की ते संरक्षण गेलं. दाढीला निकामी ठरलेली धारही बोट कापायला पुरेशी असते, आणि गंजून दातेरी झालेली धार जखम वेडीवाकडी करते.

धारेवर चिकटपट्टी लावणारे पुष्कळ. पण धोका ती सोलून काढताना असतो, कारण तेव्हाच बोट घसरतं. त्यापेक्षा जाड पुठ्ठा पात्याच्या पाठीवरून दुमडावा, धारेपुढे बोटभर जागा सोडावी आणि तिथे कडा पिना मारून बंद कराव्यात. पुठ्ठा ओल धरतो, म्हणून पात्याला आधी तेल, वर मेणकागद. तेल मात्र स्वयंपाकघरातलं नको. करडई-सूर्यफुलाचं तेल हवेत हळूहळू चिकट होतं. शिलाई मशीनचं तेल तसं होत नाही. तेल लावण्याआधी घामाचे ठसे पुसायलाच हवेत, कारण त्यातल्या मिठाने गंज लवकर धरतो.

सर्वांत मोठं नुकसान एका सद्हेतूने होतं. "पातं आणि त्याची मूठ एकाच डबीत ठेवू, म्हणजे अदलाबदल होणार नाही." मूठ शिंगाची किंवा आबनुसाची असेल तर हरकत नाही. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून असंख्य मुठी सेल्युलॉइडच्या झाल्या. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. ते जुनं होऊन विघटू लागलं की नायट्रोजनचे ऑक्साइड सोडतं, आणि दमट हवेत त्यांचं नायट्रिक आम्ल बनतं. बाकीचं पातं स्वच्छ असताना मुठीत झाकला जाणारा भाग तेवढा खोल खड्डे पडून गंजलेला दिसला, तर पहिला संशय या मुठीवर घ्यावा. बंद डबीत ही वाफ कोंडते आणि मूठही अधिक वेगाने सडते. तडे, चिकटपणा किंवा आंबट उग्र वास जाणवला की ती वेगळी, हवेशीर ठेवावी. आगीपासून तर फारच लांब, कारण सेल्युलॉइड भडकन पेटतं.

हवाबंद डब्याबद्दलचा विश्वासही अर्धवट आहे. जुलैत कोकणात डबा बंद केला तर आतली दमट हवाही आतच राहते. सोबत सिलिका जेल हवं आणि त्याचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा कोरडं करायला हवं. चामड्याची जुनी पेटी शोभेला ठेवावी. चामडं ओल धरतं.

"स्टेनलेस आहे, गंजणार नाही," हेही पूर्ण खरं नाही. हॅरी ब्रेअर्ली यांनी शेफील्डमध्ये गंजरोधक पोलाद बनवलं १९१३ मध्ये, त्यामुळे त्याआधीचं पातं साध्या कार्बन पोलादाचंच समजावं. नंतरची स्टेनलेस पातीही घाम आणि मिठाने डागाळतात.

प्रत्येक पुठ्ठ्यावर वस्तऱ्याची खूण लिहावी, तीच खूण वेगळ्या ठेवलेल्या मुठीच्या पाकिटावर, आणि धारेच्या बाजूला ठळक बाण काढावा. मग डबा कुलपात ठेवावा, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी.