उवा झाल्या? मुलीवर रागावू नका

शाळा सुरू होऊन महिना होत नाही तोच मुलगी डोके खाजवू लागते. कानामागे, मानेवर बारीक पुरळ दिसते. आई फणी फिरवते आणि पांढऱ्या कापडावर ऊ पडते. मग घरातून पहिला शेरा येतो, ‘‘डोके धूत नाहीस वाटतं!’’ हा शेरा अगदी अन्यायाचा आहे. धुतलेल्या केसांतही ऊ तितकीच सुखाने राहते. तिला उडता येत नाही की उडी मारता येत नाही. डोक्याला डोके लागले की ती सरपटत पलीकडे जाते. म्हणूनच एका बाकावरच्या मैत्रिणी आणि एका उशीवर झोपणाऱ्या बहिणी तिला आधी सापडतात.

बंगळुरूजवळच्या देवनहळ्ळीसारख्या गावी नव्याने बिऱ्हाड थाटलेल्या मराठी गृहिणीला औषधाच्या दुकानात ‘हेनु’ एवढा एक कन्नड शब्द पुरतो. हेनु म्हणजे ऊ. घरगुती सल्ले मात्र भाषा बदलली तरी बदलत नाहीत. त्यातला सर्वांत धोक्याचा म्हणजे सीताफळाच्या बियांची पूड. ती डोळ्यांत गेली तर बुबुळाला इजा होते, असह्य जळजळ होते. रॉकेल पेट घेते. शेतातले किंवा ढेकणांचे औषध तर मुलांच्या डोक्याला कधीच लावू नये. ते कातडीतून अंगात भिनते.

मग करायचे काय? एक टक्का परमेथ्रिनचे लोशन मिळते. साध्या शाम्पूने धुऊन टिपलेल्या केसांना ते दहा मिनिटे लावून धुवावे. कंडिशनर आधी लावू नये. दोन महिन्यांखालील बाळाला मात्र लावायचे नाही. गर्भवतीने आधी डॉक्टरांना विचारावे. औषधाने सगळ्या लिखा मरत नाहीत. त्या सात ते दहा दिवसांत फुटतात, म्हणून नवव्या दिवशी पुन्हा लावावे. बहुतेक घरांत हा दुसरा हात राहून जातो आणि दोष औषधाला दिला जातो.

औषध नको असेल तर ओल्या केसांना भरपूर खोबरेल लावून बारीक दातांची फणी मुळापासून टोकापर्यंत फिरवा. दर तीन-चार दिवसांनी, किमान दोन आठवडे. काम कंटाळवाणे खरे, पण जुने आहे. इस्रायलमधील लाखीश येथे सुमारे ३७०० वर्षांपूर्वीची हस्तिदंती फणी सापडली. तिच्यावर केसांतल्या आणि दाढीतल्या उवा जाव्यात अशी प्रार्थना कोरलेली आहे. हे २०२२ साली प्रसिद्ध झाले.

घरातल्या सर्वांची डोकी त्याच दिवशी तपासा. अभ्रे, टॉवेल, रिबिनी गरम पाण्यात धुवा. डोक्याबाहेर ऊ दोन दिवसांपेक्षा जास्त जगत नाही, तेव्हा घरभर फवारणी नको. कातडीपासून एका सेंटिमीटरपेक्षा लांब दिसणाऱ्या लिखा बहुधा रिकाम्या असतात. त्यांच्यासाठी लांबसडक केसांवर कात्री चालवू नका. शाळेत जाताना घट्ट वेणी घाला आणि शेजारच्या मैत्रिणीच्या आईलाही, संकोच न करता, सांगा. तिच्या मुलीच्या डोक्यात उवा राहिल्या तर आठवड्याभरात तुमच्याकडे पुन्हा फणी काढावी लागेल.