बुंध्यातला भुंगा, खाटेतला भुंगा

पहाटे ५:३०
सिंदेवाहीत रात्रभर पाऊस होता. जुलैचा पहिला आठवडा. गच्चीवरच्या टिनाच्या शेडखाली पांढरी चादर ताणून बांधली आहे. समोर १६० वॉटचा मर्क्युरी दिवा, आता विझवलेला. चादरीवर पाकोळ्या, हुमणीचे भुंगेरे, धानावरचे तुडतुडे. मामा खाली वाकून एकेक पाहतात. पूर्वी ते आरा मशीनवर होते, डाव्या हाताचं एक बोट अर्धंच आहे. आता रोज ४०० रुपयांवर इथे येतात. लांब शिंगांचा भुंगा दिसला की हाक मारतात. आज एकही नाही.

सकाळी ७:००
मॅडम चहा करतात. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या, एका सर्वेक्षणावर ठरावीक मानधन घेऊन राहिलेल्या. खोली भाड्याची. टेबलावर सूक्ष्मदर्शक, जॅमच्या रिकाम्या बाटल्या, डांबरगोळ्या, थर्माकोल. बाटलीच्या तळाशी प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा थर, त्यात इथाइल ॲसिटेट मुरवलेलं. भुंगा आत टाकला की थोड्या वेळात थांबतो. कीटकांच्या टाचण्या महाग येतात, म्हणून जुने नमुने उतरवून टाचण्या पुसून परत वापरायच्या.

सकाळी ८:१५
वाटेवर बांध्यांमध्ये रोवणी चालू आहे. मामांची बायकोही कुठेतरी त्या ओळीत आहे. शेतकरी काकाजी आंब्याजवळ उभे. झाड बापाच्या हातचं. बुंध्यातून ताजा, ओलसर भुसा पडला आहे, एक फांदी वाळली आहे. मामा साल ठोकून ऐकतात. मग सालीच्या फटीतून राखाडी रंगाचा मोठा भुंगा दोन बोटांत धरून काढतात. भुंगा किरकिरतो. छातीची मागची कड पुढे-मागे घासून तो हा आवाज काढतो. "हा पाहा जी," मामा म्हणतात.

काकाजी म्हणतात, "झाड तोडू का मग? लाकूडवाला मागून रायला."

"संध्याकाळपर्यंत थांबा," मॅडम सांगतात.

सकाळी १०:००
दिवसातलं खरं काम हे. भुंगा भिंगाखाली. लांबी ४७ मिलिमीटर, शिंगं शरीरापेक्षा बरीच लांब. डोळ्याला खाच आहे आणि शिंग त्या खाचेतून निघतं. पायाच्या पंजाची पेरं चार दिसतात, पण असतात पाच. एक बारीक पेर तिसऱ्याच्या दोन पाळ्यांत दडलेलं. सुईच्या टोकाने पाळी बाजूला सारली की ते दिसतं. कूळ ठरलं, सेरॅम्बिसिडी.

मग उपकूळ. छातीच्या कडा धारदार, दातेरी आहेत का? नाहीत. म्हणजे प्रायोनिनी नाही. तोंड बाजूने पाहायचं. ते सरळ खाली उतरतं, भिंतीसारखं. तोंडाजवळच्या मिशीचं शेवटचं पेर टोकदार. पुढच्या पायाच्या नळीवर आतून तिरपी खाच. ही लॅमिनी.

इथे जुनं पुस्तक संपतं. चार्ल्स गॅहन यांचा 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालेतला या भुंग्यांचा खंड १९०६ साली आला, त्यात लॅमिनी घेतलेलीच नाही. पुढचं काम सुट्या निबंधांच्या झेरॉक्सवर. पान दोन रुपये.

छातीच्या दोन्ही बाजूंना एकेक टोकदार काटा. पंखांच्या टणक कवचाच्या मुळाशी काळे, चकचकीत दाणे, खांद्यावर आणखी एक काटा. मधला छोटा त्रिकोण पांढऱ्या लवीने भरलेला. डोळ्यामागून पोटापर्यंत बाजूने पांढरा पट्टा. प्रजाती बॅटोसेरा. छातीवरचे दोन नारिंगी डाग मॅडम सगळ्यांत शेवटी पाहतात. त्यांवरून जात कळते, रुफोमॅक्युलाटा. पण रंग मेल्यावर फिका पडतो, लव हाताळून झिजते. काटा आणि दाणे राहतात. घाईत माणूस रंगावर जातो आणि तिथेच फसतो, हे मला त्या टेबलाशी बसून पटलं.

दुपारी १२:३०
भात, वरण, वांग्याची भाजी. एक सुतार भाऊ कागदाच्या पुडीत भुंगा घेऊन येतात. गिऱ्हाइकाची सागाची खाट, दोन वर्षांची, भोकं पडली. गिऱ्हाईक पैसे परत मागतं. हा भुंगाही लांब शिंगांचाच. पण तपकिरी, दोन सेंटिमीटरचा. तोंड पुढे झुकलेलं, मिशीचं टोक बोथट, छातीला काटा नाही. छातीच्या बाजूला लवदार खोलगट डाग आहे, म्हणजे नर. स्ट्रोमॅशियम. याची अळी वाळल्या लाकडात वर्षानुवर्षं पोखरते. ओल्या झाडाशी याचा संबंध नाही.

"कच्चं लाकूड लागलं होतं का?" मॅडम विचारतात.

भाऊ थोडं थांबून होकारार्थी मान हलवतात. पांढरा, कच्चा भाग काढून बदलायचा, पॉलिश नसलेल्या जागी बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं पाणी द्यायचं. मजुरी त्यांच्याच अंगावर.

दुपारी ३:३०
परत आंब्याकडे. बॅटोसेराची अळी जिवंत खोडात राहते, तिला बाहेर काढता येतं. मामा सायकलच्या स्पोकला आकडा करून भोकात घालतात. बराच वेळ. मग बोटभर जाड, पांढरी, बिनपायाची अळी आकड्याला लागून येते. दुसऱ्या भोकात पेट्रोलचा बोळा, वरून चिखलाचा लेप. खर्च पेट्रोलचे वीस रुपये. वाळली फांदी कापायची, बुंधा दर पंधरा दिवसांनी पाहायचा. काकाजी लाकूडवाल्याला फोन करून नाही म्हणतात.

संध्याकाळी ५:४५
मामा निघतात. त्यांचं गाव जंगलाला लागून, वाघाचा वावर. अंधाराआधी पोचायचं असतं. मजुरी रोख.

रात्री ८:००
आंब्यातल्या भुंग्याला टाचणी उजव्या कवचातून घालायची, म्हणजे मधल्या खुणा शाबूत राहतात. शिंगं पाठीशी वळवून ठेवायची. खाली चिठ्ठी: सिंदेवाही, तारीख, आंबा, बुंधा. गच्चीवर दिवा पुन्हा लागतो.

तुमच्या झाडात किंवा खाटेत असा भुंगा सापडला तर चिरडू नका. डबीत अख्खा ठेवा, कुठल्या लाकडातून निघाला ते कागदावर लिहा आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. झाड तोडायचं की नाही, ते त्यानंतर ठरवा.