घरची कणगी आणि कामगाराचा संप

संप किती दिवस टिकणार हे सभेतल्या टाळ्यांवरून कळत नाही. कामगाराच्या घरात किती दिवसांचे धान्य आहे यावरून कळते. किराणावाला पहिला आठवडा उधार देतो, दुसऱ्या आठवड्यात वही मिटतो, आणि तिसऱ्या आठवड्यात आमचाच खंदा गडी तडजोडीची भाषा बोलू लागतो. १९८२ च्या जानेवारीत मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि तो संप वर्षाहून अधिक चालला. त्यांतले हजारो लोक कोकणात आणि घाटावर आपापल्या गावी परतले. गावच्या भाताने आणि ज्वारीने त्यांना धरून ठेवले. म्हणून घरचे धान्य हा आम्ही संघटनेचा विषय मानतो, निव्वळ स्वयंपाकघराचा नव्हे.

आमच्या वर्धा जिल्ह्याला तर हा विषय नवा नाही. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तो येथल्या मगनवाडीत. कुमारप्पांनी हातसडीच्या तांदळापासून घाणीच्या तेलापर्यंत साऱ्याचा शास्त्रीय विचार तेथे केला. पुढे १९५० मध्ये पवनारला, धाम नदीकाठच्या परंधाम आश्रमात, विनोबांनी कांचनमुक्तीचा प्रयोग मांडला. पैशावाचून जगायचे, तर आधी भाजी विकत घेणे बंद, अशी त्याची सुरुवात. बैल न लावता जमीन खणायची, पाणी हातरहाटाने काढायचे. १९५१ मध्ये विनोबा तेलंगणाकडे पायी निघाले आणि भूदानाचे पर्व सुरू झाले. प्रयोग मोठा होता यात शंका नाही. पण आश्रमवासीयांना जमीन होती, आणि सकाळच्या पाळीचा भोंगा नव्हता. आमच्या माणसाजवळ दोन खोल्या आणि हातभर अंगण आहे. त्यातून काय साधेल, एवढेच पाहू.

हिशेब असा. माणशी रोज ४०० ग्रॅम धान्य धरले, तर पाच माणसांना दिवसाला दोन किलो, महिन्याला ६० किलो आणि वर्षाला सात क्विंटलांच्या वर लागते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो, म्हणजे पाच जणांना २५ किलो मिळते. उरलेले ३५ किलो अंगणात पिकणार नाहीत. तसे कुणी सांगत असेल तर ऐकू नये. अंगण भाजीसाठी. मोरीच्या पाण्यावर एक शेवगा, एक पपई, छपरावर वाल आणि दोडका, खाली अंबाडी आणि मेथी, एवढे झाले तरी बाजारातली भाजीची खेप निम्मी होते.

धान्य हंगामात एकत्र घ्यावे, दहा घरांनी मिळून, थेट शेतकऱ्याकडून. आता जिल्ह्यात सोयाबीनने ज्वारीची जागा घेतली आहे, त्यामुळे ज्वारी शोधावी लागते. ती पेरणाऱ्याला आधीच शब्द द्यावा, हे बरे.

खरी अक्कल साठवणुकीत लागते. जुन्या घरांत तुऱ्हाट्यांची किंवा बांबूची कणगी विणून शेणमातीने लिंपत. आज पत्र्याची कोठी चालते. पण कोठी कोणतीही असो, किडीला आमंत्रण ओल देते. दाणा दाताखाली कट्टकन फुटला पाहिजे. दबला तर आणखी दोन उन्हे द्यावीत. उन्हातला गरम दाणा तसाच भरला तर आत घाम धरतो, म्हणून रात्रभर निववून मग भरावा. कोठी भिंतीपासून दूर, लाकडी फळीवर ठेवावी. सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला घालावा, पण त्याच्या भरवशावर ओला दाणा भरू नये.

तूर आणि मूग अख्खे ठेवले की भुंगेरा लागतो, कारण त्याची अळी दाण्याच्या पोटात वाढते. किलोला चहाचा एक चमचा एरंडेल चोळले म्हणजे दाण्यावरची अंडी गुदमरतात. डाळ करून ठेवली तर हा त्रास पुष्कळच कमी. खारोड्या, मुंगवड्या, वाळवलेली गवार यांविषयी आम्ही काय सांगावे! ती विद्या आमच्या आयाबहिणींकडे आहे. वस्तीतल्या एक बाई आम्हांला म्हणाल्या, “भाऊ, घरात जवारी असली की जीवाले घोर नाही रायत.”

एक धोका मात्र आहे. महागाईभत्त्याच्या वाटाघाटीत एका कारखान्याच्या व्यवस्थापकाने आम्हांला ऐकवले की, तुमच्या लोकांकडे घरची भाजी आहे, वर्षाचे धान्य भरलेले आहे, मग वाढ कशाला? आम्ही विचारले, ती भाजी पिकवणाऱ्या आणि ते धान्य पाखडणाऱ्या बाईची मजुरी तुमच्या पगारपत्रकात कोणत्या रकान्यात आहे? साहेबांनी विषय बदलला. भत्त्याची बोलणी पुढे दोन महिने चालली, आणि त्या दोन महिन्यांत वस्तीतल्या एकाही घरातून आमच्याकडे उसनवारीचा निरोप आला नाही.